कडुलिंबाची सावली आणि घरातले मांजर

कडुलिंबाचे झाड मांजराला बाधत नाही. त्याच्या सावलीत झोपणारे, खोडावर नखे घासणारे, फांदीवर बसून पाखरांवर नजर ठेवणारे मांजर त्या झाडामुळे आजारी पडत नाही. बाधते ते त्याच्या बियांचे तेल; आणि बाधतो तो कडुलिंब समजून आवारात वाढू दिलेला त्याचा भाऊबंद, बकाण निंब. या तिन्ही गोष्टींची सरमिसळ झाली की एकीकडे निरुपद्रवी झाड तोडण्याची भाषा सुरू होते आणि दुसरीकडे बाटलीतले तेल ‘झाडपाल्याचेच तर आहे’ म्हणून मांजराच्या अंगाला चोळले जाते. या दोन चुकांपैकी दुसरी जिवावर बेतू शकते.

भारतीय उपखंड आणि म्यानमार ही कडुलिंबाची मायभूमी. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर आणि नगरचा कोरडा पट्टा या भागांत गावाच्या पारावर, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर तो हमखास भेटतो. कोकणातला धो-धो पाऊस आणि पाणी धरून ठेवणारी जमीन त्याला मानवत नाही, म्हणून तिकडे तो कमी. पंधरा-वीस मीटर उंची, गोल भरगच्च पसारा आणि ऐन चैत्रात फुटणारी पालवी यांमुळे सावलीसाठी त्याच्याइतके कामाचे झाड कोरड्या मुलखात दुसरे नाही. मक्केजवळच्या अराफतच्या मैदानावर हज यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून सुमारे ५०,००० कडुलिंब लावले गेले, ते याच गुणामुळे. मांजरालाही या सावलीचा खरा उपयोग होतो. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून. त्यामुळे वैशाखाच्या दुपारी ते अंग गार ठेवते ते थंड जागा शोधून आणि अंग चाटून. पत्र्याच्या छपरापेक्षा कडुलिंबाखालची ओलसर माती त्याला केव्हाही बरी.

मांजर झाडपाल्याला तोंड लावत नाही असे नाही. हरळीची किंवा गव्हाच्या कोवळ्या रोपांची पाती ते आवडीने चावते. कडुलिंबाचे पान मात्र एकदा दाताखाली आले की मान झटकून ते बाजूला होते. मांजराला गोड चव कळत नाही, कारण गोडासाठी लागणाऱ्या चवग्राहकाचे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी आहे. हे २००५ साली उघड झाले. कडू चवीचे ग्राहक मात्र शाबूत असून काम करतात, हे २०१५ च्या अभ्यासांनी दाखवले. या दोन्ही गोष्टी कडुलिंबाच्या बाबतीत मांजराच्या पथ्यावर पडतात. पान कडू म्हणून ते खात नाही, आणि पिकलेल्या निंबोळीचा गोडसर गर, जो बुलबुल, मैना, वटवाघळे आणि गावाकडची पोरे आवडीने चोखतात, त्याची मांजराला ओढच वाटत नाही. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो तेव्हा पिल्लू त्या पंजाने उडवत खेळते, क्वचित एखादी गिळतेही. पण मांजराच्या दाढा मांस कातरण्यासाठी घडलेल्या आहेत, दळण्यासाठी नाहीत. गिळलेली बी सहसा न फुटता विष्ठेवाटे किंवा उलटीतून बाहेर पडते. एखाद-दुसरे पान पोटात गेले तरी फार तर एखादी उलटी किंवा थोडी पातळ शी होते. साल आणि खोडावरचा डिंक यांचेही तसेच. नखे घासताना पंजाला लागणारा सालीचा भुगा इतका थोडा असतो की त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

मग हेच झाड किडींचा कर्दनकाळ कसे? १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिले, की आजूबाजूची हिरवळ फस्त झाली पण कडुलिंबाची झाडे उभी राहिली. १९६८ साली निंबोळीतून अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. कीटकाला वाढताना कात टाकावी लागते आणि ती टाकण्याची वेळ एक संप्रेरक ठरवते. अ‍ॅझाडिरॅक्टिन या व्यवस्थेत बिघाड करते. अळी खाणे सोडते, तिची कात अडते आणि ती मरते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात ही व्यवस्थाच नाही. म्हणून किडीला मारणारे हे द्रव्य कुत्र्या-मांजरांना त्याच प्रमाणात मारत नाही. बीमध्ये त्याचे प्रमाण साधारण ०.२ ते ०.६ टक्के असते, पानात त्याहून पुष्कळ कमी.

इथवर सगळे मांजराच्या बाजूचे झाले. अडचण सुरू होते ती निंबोळी घाण्यात गेल्यावर. बियांच्या गरात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असते, आणि त्या तेलात अ‍ॅझाडिरॅक्टिन हा एकच घटक नसतो. निंबिन, सॅलॅनिन अशी इतर कडू द्रव्ये, उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे आणि भरपूर मेदाम्ले असा तो ऐवज असतो. निंबोळी पिकते ती पावसाच्या तोंडावर. नीट न वाळवता पोत्यात भरलेल्या बियांवर बुरशी चढते आणि बुरशीची विषे, विशेषतः यकृत पोखरणारे अ‍ॅफ्लाटॉक्सिन, त्या मालात उतरू शकतात. शेतातल्या मावा-तुडतुड्यांसाठी काढलेल्या तेलाला ही तपासणी कोणी लावत नाही, कारण ते पोटात घेण्यासाठी नसतेच.

माणसाच्या बाबतीत या तेलाचा धडा मिळालेला आहे. भारतात आणि मलेशियात तान्ह्या मुलांना सर्दी-खोकल्यावर घरगुती उपाय म्हणून हे तेल पाजले गेले आणि काही तासांतच उलट्या, गुंगी, जोरजोराचा श्वास आणि झटके सुरू झाले. मेंदूला सूज आणि यकृतात चरबी असे त्यांचे चित्र ‘राय’ नावाच्या आजाराशी जुळणारे होते. मलेशियातल्या अशा रुग्णांची नोंद १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चमचाभर ते काही चमचे, एवढे तेल त्या बाळांना पुरले होते. उलट १९८८ च्या प्रयोगांत प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी घातक मात्रा दर किलो वजनामागे सुमारे १४ मिलिलिटर आणि सशांसाठी सुमारे २४ मिलिलिटर आली; त्यातही सर्वाधिक मार बसला तो फुप्फुसे आणि मेंदू-मज्जासंस्थेला. हे मोठे आकडे वाचून चार किलोच्या मांजराला निदान अर्धी वाटी तेल लागेल असा हिशेब कोणी मांडला तर तो साफ चुकीचा ठरेल. उंदराचा आकडा मांजराला लावता येत नाही, आणि त्याचे कारण मांजराच्या यकृतात आहे.

बहुतेक प्राण्यांचे यकृत नको असलेल्या रसायनाला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देते, ते पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर घालवते. या कामाच्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर मांजरात तयारच होत नाही. त्याचे जनुक मोडके आहे. २००० साली झालेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले, आणि पुढे वाघ-सिंहांसह मांजरकुळातल्या इतर प्राण्यांतही तोच दोष आढळला. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींची विषे निस्तरण्याची फारशी गरज पडली नाही, त्यामुळे ही यंत्रणा गेली तरी त्यांचे अडले नाही. अडते ते आता, माणसाच्या घरात. माणूस तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाइल आणि टी-ट्री तेल यांचेही मांजराला वावडे आहे. कुत्र्यांच्या पिसवांवरचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराच्या मानेवर घातले तर ते थरथरत, झटके देत दवाखान्यात पोहोचते. माणसाला किंवा कुत्र्याला चालले म्हणून मांजराला चालेल, हा अंदाज या एका प्राण्याच्या बाबतीत वारंवार फसतो.

दुसरे कारण मांजराच्या जिभेवर आहे. जवळून पाहिले तर तिच्यावर घशाकडे वळलेल्या बारीक, टणक आकड्यांच्या रांगा दिसतात. २०१८ च्या एका अभ्यासात या आकड्यांची टोके पोकळ पन्हाळीसारखी असल्याचे आढळले. तोंडातली लाळ त्यांत भरून थेट केसांच्या मुळाशी पोहोचते आणि परतताना केसांवरचे जे काही असेल ते जिभेसोबत तोंडात येते. आकडे मागे वळलेले असल्याने जिभेला चिकटलेले थुंकून टाकणे मांजराला जमत नाही, ते गिळावेच लागते. म्हणून मांजराच्या बाबतीत ‘फक्त बाहेरून लावायचे’ या सूचनेला अर्थ उरत नाही. कातडीवर लावलेले तेल संध्याकाळपर्यंत पोटात गेलेले असते.

घरात हे तेल मांजरापर्यंत पोहोचण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पिसवा, गोचीड, खरूज, नायटा यांवर मालकाने प्रेमाने केलेली मालिश ही त्यांतली सर्वांत धोक्याची. त्यानंतर कुंडीतल्या झाडांवर मारलेला फवारा. बाजारात ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम अ‍ॅझाडिरॅक्टिन असलेली जी औषधे मिळतात त्यांत तेलाबरोबर विद्रावके आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून घातलेली द्रव्येही असतात. प्रमाणात पातळ केलेला फवारा पानांवर पूर्ण वाळला की धोका बराच ओसरतो. ओल्या पानांना अंग घासणारे मांजर आणि झाकण न लावलेली बाटली ही खरी भीती. शेतावरच्या घरात निंबोळी अर्काची बादली रात्रभर भिजत ठेवतात, तिच्यावर फळी ठेवलेली बरी. निंबोळी पेंडीचा वास उग्र असल्याने मांजर तिच्या वाटेला सहसा जात नाही, पण पेंड घातलेल्या मोकळ्या मातीत ते खड्डा करते आणि मग पंजे चाटते; वर मातीचा थर दाबून घेतला की हा प्रश्न सुटतो. डासांसाठी कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा धूर करण्याची पद्धत जुनी आहे. त्यात विषबाधेचा प्रश्न नसला तरी दमा मांजरांनाही होतो, आणि कोंडलेल्या खोलीतला धूर दम्याच्या मांजराला सोसत नाही.

पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालण्याचा उपाय तेलाइतका घातक नाही, पण पिसवांवर तो भरवशाचाही नाही. मांजरासाठीच बनवलेली फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनची औषधे वजनानुसार, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वापरली तर पिसवा जातात आणि मांजर सुरक्षित राहते. गाभण मांजरीला तर कडुलिंबाचे काहीही, तेल असो वा काढा, पोटात जाऊ देऊ नये. कडुलिंबाच्या गर्भनिरोधक गुणांवर दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत प्राध्यापक जी. पी. तलवार यांच्या गटाने दीर्घ काळ काम केले आहे, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भ न टिकण्याचे परिणाम दिसले आहेत.

आता बकाण निंब. नावात निंब, कुळही तेच, आणि लांबून पाहिले तर पसाराही तसाच. लिनिअसने १७५३ साली दोघांना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते. कडुलिंब वेगळा काढला तो १८३० साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युस्यू याने. बकाण मूळचा आशियातला, पण भराभर वाढतो आणि जांभळट फुलांचे घोस सुंदर दिसतात म्हणून जगभर रस्त्याकडेला आणि बागांत लावला गेला. त्याच्या फळांत मेलियाटॉक्सिन नावाची विषे असतात, पाने, फुले आणि सालीतही ती कमी-अधिक सापडतात, आणि पिकलेल्या फळांत त्यांचा जोर अधिक असतो. झाडागणिक हे प्रमाण इतके बदलते की एका बकाणाची फळे खाऊन काही झाले नाही म्हणून दुसऱ्याबद्दल निर्धास्त राहता येत नाही. अनेक देशांत डुकरे आणि कुत्री या फळांनी दगावली आहेत. मांजरे फळे खाण्याच्या फंदात कमी पडतात, तरीही अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा नियंत्रण केंद्राच्या यादीत बकाण मांजरांसाठी विषारी म्हणूनच नोंदलेला आहे. उलट्या, जुलाब, लाळ गळणे, मरगळ, अशक्तपणा आणि शेवटी झटके असा त्याचा क्रम असतो.

दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही, डहाळी हातात घ्यायला हवी. कडुलिंबाच्या पानाचा एकच दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोयत्यासारख्या वाकलेल्या, करवतीच्या कडांच्या पत्त्या लागलेल्या असतात. बकाणाच्या मुख्य दांड्याला आणखी दांडे फुटतात आणि पत्त्या त्या उपदांड्यांवर येतात. सबंध पान त्यामुळे पिसाऱ्यासारखे पसरते. कडुलिंबाची फुले पांढरी आणि मंद गोड वासाची. बकाणाची फिकट जांभळी, मधोमध गडद जांभळी नळी असलेली. निंबोळी लांबट असते, पिकली की लगेच गळते, आणि तिच्या बीचे कवच गुळगुळीत असते. बकाणाचे फळ गोल गोटीसारखे. पिवळे पडूनही ते महिनोन्‌महिने देठाला लटकत राहते. हिवाळ्यात बकाणाची पाने झडून जातात आणि निष्पर्ण फांद्यांवर नुसते पिवळ्या फळांचे घोस उरतात, तेव्हा तर तो दुरूनही ओळखू येतो. त्याची बी दगडासारखी टणक, बाहेरून पन्हाळ्या असलेली आणि मधोमध आरपार भोक पाडायला सोपी. तिच्या माळा करतात. आवारात असे झाड असेल तर तोडण्याची घाई नको. गळलेली फळे रोज झाडून उचलली आणि पिल्लांना त्या भागात खेळू दिले नाही, तर एवढी खबरदारी बहुतेक घरांना पुरते.

कडुलिंबाखाली मांजर आजारी पडले तर झाडाआधी त्याच्या बुंध्याकडे पाहावे. वाळवी लागू नये म्हणून बुंध्याला चुना आणि गेरू फासतात, त्यात कधी मोरचूदही मिसळतात. ओला चुना पंजाच्या गाद्या आणि जीभ दोन्ही भाजतो, म्हणून रंग वाळेपर्यंत बुंध्याला पोते गुंडाळावे. सोसायट्यांच्या आवारात उंदरांचे औषध बहुधा झाडाच्या आळ्यातच ठेवले जाते, आणि ते खाल्लेला सुस्त उंदीर मांजराच्या हाती अलगद लागतो. ब्रोमाडायोलोनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधाचा परिणाम मग दोन-चार दिवसांनी मांजरावर दिसतो. पावसाळ्यातल्या डासप्रतिबंधक धूरफवारणीतही परमेथ्रिनच्या जातीची द्रव्ये असू शकतात, तेवढा वेळ मांजर घरात ठेवावे. आणि सावलीत मांडलेल्या कुंड्या. लिली, म्हणजे खरी लिली आणि डे-लिली, ही मांजरासाठी बागेतली सर्वांत घातक वनस्पती आहे. तिचे पान, पाकळी, अंगावर सांडलेले आणि चाटले गेलेले परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी करू शकते. सायकस यकृतावर घाला घालते, कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयावर. मनीप्लँट आणि डिफनबेकिया यांनी तोंडाची आग होते, जीव सहसा जात नाही. लिलीची कुंडी मात्र मांजराच्या घरात नसावीच.

कडुलिंबाचे तेल पोटात गेल्याची पहिली खूण म्हणजे तोंडातून अखंड गळणारी लाळ. पाठोपाठ उलटी, अस्वस्थपणा, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, चालताना तोल जाणे, कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडणे, अंग गार पडणे. आणि वाढत गेले तर झटके. या तेलावर उतारा म्हणून एखादे नेमके औषध नाही. डॉक्टर सलाइन, झटके थांबवणारी औषधे आणि अंगाची ऊब यांच्या आधाराने मांजराला त्यातून बाहेर काढतात, म्हणून लवकर पोहोचण्याला महत्त्व आहे. घरी उलटी करवू नये. मीठ-पाणी मांजराला घातक ठरते, आणि तेल उलटीतून श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसाला सूज येते. दूध किंवा तूप पाजूनही काही साधत नाही. तेल अंगावर असेल आणि मांजर शुद्धीत असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण लावून ते दोनदा धुवावे, कारण नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. मग टॉवेलने कोरडे करून, चाटू नये म्हणून त्यातच गुंडाळून दवाखान्यात न्यावे. तेलाची बाटली लेबलासह बरोबर असावी, आणि झाडाची शंका असेल तर पानाफळांसकट एक डहाळीही, म्हणजे कडुलिंब की बकाण हे तिथल्या तिथे ठरते. लक्षणे कधी काही तास उलटल्यावर दिसू लागतात, त्यामुळे धुतल्यावर मांजर ठीक वाटले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचे खाणे, चालणे आणि लघवी यांवर लक्ष ठेवावे.